हिरवं पाहत जा

डोळ्याच्या डॉक्टरनं माझ्या पोरीले काय सांगतलं, ठाऊक आहे? म्हणे, हिरवं पाहत जा. मी तिथीच होती, बाजूच्या स्टुलावर. मले हसूबी आलं अन् रागबी आला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्या पोरीचा जलम जंगलात गेला. आमच्या मागच्या दारातून निंघालं की सागवान, ऐन, धावडा, मोह. अजून किती हिरवं दाखवू तिले?" माणूस चांगला होता बिचारा. म्हणे, "बाई, कम्प्युटरपुढं बसून डोळे कोरडे पडले तिचे. पापणीच लवत नाई. मधामधात उठाव, दूर पाहाव." डोळ्यात टाकाले थेंब देल्ले, चष्मा देल्ला. नंबर काहीच नाई, साधी काच.

चष्म्यानं काय होते, कप्पाळ! डोकं दुखतच राह्यलं. काऊन दुखे ते मले मागून समजलं.

दिव्यानी माझी एकुलती एक. बारावी झाली, कम्प्युटरचा कोर्स झाला, अन् चंद्रपूरले वाघ मोजणाऱ्या लोकाच्या हापिसात लागली. ते लोक जंगलात झाडाले कॅमेरे बांधून ठेवते. समोरून कोणीबी गेलं, वाघ जावो का बकरी, आपोआप फोटो निंघते. आमच्या गावचा मंगरू त्याच्यातले कार्ड काढून हापिसात नेऊन देते, अन् माझी पोरगी दिवसभर ते फोटो पाहाची. वाघ आला तर पट्टे पाहून कोणता वाघ ते ओळखाचं अन् वेगळा ठेवाचा. गाई-ढोरं आली, माणसं आली, तर खोडून टाकाची. म्हणजे वाघ मोकळा हिंडे, अन् त्याच्यापायी माझी पोरगी खोलीत कोंडून राहे. काय म्हणावं ह्याले!

शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी याची ते डोक्याले ओढणी आवळूनच. उजेड सहन नाई, आवाज सहन नाई. मी तेल थापाची, एरंडाचं पान शेकून कपाळाले बांधाची, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकाची. मिरचीचा खकाणा उठला की खोकत खोकत म्हणाची, "माय, नजर मले नाई लागली वो. मीच दिवसभर नजर लावून बसते." अशी बोलाले तिखट. माझ्यावरच गेली.

तिच्या बापाचं निराळंच. लोक त्याले सोमाजी म्हणत. मी कधी नाव घेतलं नाई, आता घेतलं तर कोण टोकते? धानाचं काम आटोपलं की तो जंगलात जाये, धावड्याचा डिंक काढाले. वाटेत नाल्यापाशी एक कॅमेरा. गावातले बाकीचे लोक कॅमेरा दिसला की दुपट्ट्यानं तोंड झाकून घेते, न जाणो जंगलवाल्यानं दंड ठोकला तर. अन् हा बाप्पा! हा डोक्याचा दुपट्टा काढून कॅमेऱ्यापुढं उभा राहे. कधी डिंकाचा खडा दाखवे, कधी मोराचं पीस. मी म्हणाची, "वेडा झाला का हा माणूस?" तर म्हणे, "अवो, पोरगी तिकून पाहते ना! आठ दिवस एकटी राह्यते तिथी. तिले बरं वाटन."

अन् इतवारी ती अंथरुणावर डोकं धरून पडली असली की हा उंबरठ्यावर येऊन विचारे, "दिसलो का वो बाई?"

ती डोळे न उघडता म्हणे, "दिसला, बा."

मंग दिवसभर ह्याचे पाय जमिनीवर नाई.

पण जंगलाच्या बाबतीत लय खबरदार माणूस. आमच्या इकडं शेंबडं पोरगंबी सांगन, उभ्या माणसाले वाघ बिचकते, अन् खाली बसलेला माणूस त्याले ढोरावाणी दिसते. मी मोहफुलं वेचाची तवा हा माझ्या मागं काठी घेऊन उभा. मी वाकलेली, हा उभा. लगनापासून तसंच. जंगलात कोणी जरासाक टेकलेला दिसला की आवाज देये, "बुड उचल बे! वाघाच्या घरी पंगतीले आला का?" लोक हसत, पण उठत.

त्या दिवशी सकाळी निंघाले तयार झाला, अन् मले म्हणे, फणी दे. मी म्हटलं, "हे काय नवीन? जंगलात कोणती नवरी पाहाले चालला?" तेल लावलं, आरशात पाहून भांग पाडला, अन् गालातल्या गालात हासत गेला. म्हातारपणी चळ भरला म्हटलं मी. हेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

दुपार कलली तरी आला नाई. गावातले लोक डबे वाजवत गेले, पाहाले. नाल्यापाशीच सापडला. वाघानं धरला.

घरी आणला तवा सारं गाव जमा झालं. रडत सारेच होते, पण एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात बसत नव्हती. मंगरू पाऊलखुणा पाहून आला होता. म्हणे, "काकू, बसल्या जागेवरच धरलं त्याले. पळाचं निशान नाई, काही नाई. सोमाजीकाका बसला कसा?" जो तो हेच विचारे, बसला कसा, बसला कसा. दिव्यानी कोपऱ्यात होती. तिनं तवा कान झाकून घेतले. मले वाटलं, डोकं दुखत असन.

तेरवी झाली, अन् पोरगी परत कामावर जातो म्हणे. मी लय आडवी आली. म्हटलं, "ज्यानं बाप खाल्ला त्याचेच फोटो पाहाले जातं? आग लाव त्या नोकरीले." ऐकली नाई. अन् मंग जे डोकं दुखाले लागलं, ते काही इचारू नोका. पहिले इतवारी रातीपर्यंत तरी उतरे, आता उतरेच ना. डोळे लाल इंगळ. ताटातलं अन्न ताटात. एका शनिवारी बसमधून उतरली अन् खांबाले धरून उलटी केली. मी तिले डॉक्टरकडे नेलं ते तवाच. हिरवं पाहा म्हणे. मले तर भेव वाटाले लागलं, नवरा गेला, आता पोरगीबी हातची जाते. डोळे गेले तर आंधळी होईन, डोक्याचं काही झालं तर जीवानिशी जाईन. घराले कुलूप लावलं अन् गेली तिच्यासंग चंद्रपूरले.

एक दिवस डबा घरीच विसरली. मी विचारत विचारत हापिसात पोहोचली. जेवाची सुटी होती, बाकीची पोरं-पोरी बाहेर चहाले. माझी एकटीच आत, माझ्याकडं पाठ. अन् तिच्यापुढं, काचेत, परातीएवढं मोठं तोंड. सोमाजी.

माय वो! मी तिथीच खाली बसली.

हासून राह्यला होता. उकिडवा बसलेला, दुपट्टा मांडीवर, केसं चोपून बसवलेले, भांग सरळ. तळहातावर डिंकाचा खडा, पुढं केलेला, ती लहान होती तवा जसा द्याचा, घे, खा. आमच्या घरी त्याचा धड फोटो नव्हता एकबी. आधार कार्डावर आहे, तो कोळशाच्या खाणीतून काढल्यावाणी. अन् इथी तो असा, की बोलनच आता.

दिव्यानीनं मले पाहिलं, दचकली नाई काही नाई. म्हणे, "माय, हा शेवटचा आहे. पुढचे साहेबानं नेले, मले पाहू नाई देल्ले. हा एक मी मांगून घेतला."

"रोज पाहतं?"

"रोज."

"अवो, पण किती पाहशीन? डोळे फोडून घेशीन का?"

मंग तिनं सांगतलं. आवाज असा, जसा दुसऱ्या कोणाचं सांगून राह्यली. कॅमेरा बांधते तो वाघाच्या उंचीनं, माणसाच्या गुडघ्याएवढा. बाप उभा राहे, तर फोटोत येत ते फक्त पाय. टायरच्या चपला अन् पोटऱ्या. तोंड एकदाबी आलं नव्हतं. चपलाच ओळखून ती म्हणे, दिसला बा.

"त्या आखरीच्या इतवारी डोकं फाटून राह्यलं होतं माझं. तू वावरात होती. बा आला अन् लागला मांगं, दिसलो का, दिसलो का. मी खेकसली त्याच्यावर. म्हटलं, नाई दिसत तू, कधीच नाई दिसला, पायच दिसते तुझे. तोंड दाखवाचं असन तर खाली बस, मले तरास नोको देऊ."

"मंग?"

"'असं होय!' म्हणे. 'मंग बसतो ना.' हासला, माय. त्याले रागबी नाई आला."

माझ्या डोळ्यापुढं फणी आली.

तिनं बटन दाबलं अन् फोटो मोठा केला. त्याचं तोंड बाजूले सरकलं, अन् मागचं गवत आलं, सारं गवतच गवत. "हे पाहते मी," म्हणे. "वाघ आधीच तिथी असन, बाच्या मांगावर असन, तर तो बसला म्हणून नाई मेला. तो कसाबी... एक पट्टा दिसला, एक कान दिसला, तरी मी सुटली. पण दिसतच नाई वो. एकेक काडी पाहून झाली."

मले वाटलं, बोट ठेवावं कुठीतरी गवतावर, म्हणावं हा पाह्य पट्टा. पण पट्ट्यातली मास्तरीण ती. तिले मी काय फसवू?

मंग माझ्या तोंडातून निंघालं ते कुठून निंघालं, देवाले ठाऊक. मी कमरेवर हात ठेवून उभी राह्यली अन् भांडल्यावाणी म्हटलं, "तुह्यासाठी बसला म्हणतं? मोठी आली! अवो, तो रोजच बसे तिथी."

"कोण? बा?"

"मंग कोण, मी? तंबाखू-सुपारीचा खर्रा खाले बसे."

"बानं तर खर्रा सोडला होता. मी लहान होती तवाच."

"सोडला कुठचा! घरी मी खाऊ देत नव्हती, म्हणून नाल्यापाशी बसून घोटे. मी दोनदा पकडलं त्याले. भांडण झालं आमचं. तुले काऊन सांगन तो? तुह्यापुढं लय शहाणा बने."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली, ते लाल लाल डोळे घेऊन. "खरंच, माय?"

"त्याची शपथ."

मेलेल्या माणसाची खोटी शपथ घेतली तर त्याचं आता काय वाकडं होते? तिची नाई घेतली मी.

पोरीचं तोंड वाकडं झालं, अन् मंग रडली. बाप जळला तवा नाई रडली एवढी रडली. मी ते यंत्र बंद कराले सांगतलं, तिनं केलं. खाली जमिनीवर माझ्या मांडीवर डोकं टाकलं, अन् तशीच झोपली, दिवसाढवळ्या, हापिसात. पोरं-पोरी चहा पिऊन आली, मी बोटानं चूप म्हटलं. साहेब आला, तोबी पाय न वाजवता निंघून गेला.

आता बरी आहे. डोकं दुखते कधीमधी, साऱ्याइचंच दुखते. तो फोटो आम्ही फ्रेम करून घरी लावला. येणारे-जाणारे म्हणते, किती छान हासते सोमाजी. ती म्हणते, "खर्रा खाले बसला होता, चोर." अन् हासते.

एकदा मोहाच्या दिवसात त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला, चपलेतून आरपार. मी म्हटलं, खाली बसा, काढते. नाई बसला. एका पायावर उभा राह्यला झाडाले धरून, घाम सुटला पण उभाच, अन् मी वाकून काढला. असा माणूस.

ती यीनच आता पाणी घेऊन. तिच्यापुढं हे बोलू नोका.