मोठ्यानं रडायचं नाही

माझी दादी जिवनबाई हिच्याइतकं चांगलं रडणारं माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरं नाही. नात म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. आमच्या बंजारा समाजात नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते नुसतं डोळ्यांतून पाणी काढणं नसतं. त्याला ढावलो म्हणतात. त्याला चाल असते, शब्द असतात. बापानं काय सोसलं, भावानं काय दिलं, कोणत्या काकूनं कधी उपाशी निजवलं, सगळं त्यात येतं. नवरीला जमलं नाही तर सूर धरायला शेजारी जाणती बाई लागते. सेनगावकडच्या तांड्यांवर ही जाणती बाई म्हणजे दादी. तिला न्यायला जीप यायची. सगळा मांडव रडवून झाला की ती डोळे पुसायची आणि जेवायला काय केलंय ते विचारायची.

पुढं नवऱ्या शिकल्या आणि मेकअपवाल्या आल्या. एवढा महागाचा रंग तोंडावर असताना रडायचं कुणी? हरिचंदकाकाच्या पुजाच्या लग्नात तर डीजे होता. दादीनं पुजाला पोटाशी धरून सूर लावला, आणि डीजेवाल्यानं असं काही लावलं की मांडवाचे खांब हादरले. दादीचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच. पुजा तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये आपलं काजळ बघत होती. घरी आल्यावर दादी दारात चप्पल काढताना म्हणाली, "मरायच्या आधी कोनीतरी एकडाव पुरं ऐकावं. बाकी काई न्हाई."

आम्ही मोंढ्यामागच्या वस्तीत राहतो. बापू, म्हणजे माझा बाप प्रेमदास, मोंढ्यात हळदीची पोती उचलतो आणि आई हळद निवडते. आमच्या घरात लग्न नसतानाही सगळ्यांना हळद लागलेली असते. या वस्तीत पुण्याची माणसं सिनेमा काढायला आली. शहरातल्या गरिबीत वाढणाऱ्या एका पोरीची गोष्ट होती. मुंबईची गरिबी म्हणे दाखवून दाखवून जुनी झाली होती, म्हणून ते आमची बघायला आले. त्यांच्या साहेबांच्या डोक्यावर कायम टोपी असायची. त्यांना आमचं घर पसंत पडलं, फक्त आमचा टीव्ही पसंत पडला नाही, कारण सिनेमातल्या गरिबांकडे टीव्ही नव्हता. तो उचलून शेजारच्या रूपाबाईकडे ठेवला, आणि शूटिंग संपेपर्यंत रूपाबाईनं आमच्या टीव्हीवर सगळ्या मालिका बघून घेतल्या.

पोरीचं काम मला मिळालं. काम सोपं होतं. गरीब दिसायचं होतं, आणि त्याची तालीम जन्मापासूनच चालू होती. तरी साहेब सारखे म्हणायचे, सुनिता, हसू नकोस. आम्ही गरीब होतो, पण चोवीस तास तोंड पाडून बसायला आम्हाला सवड नव्हती. हे त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या आईचं काम करायला पुण्याहून निलम मॅडम आल्या होत्या. बाई मनाच्या चांगल्या होत्या, फक्त चूल पेटवताना दर वेळी त्यांच्याच डोळ्यांत धूर जायचा. साहेबांना ते फार आवडायचं.

शेवटच्या सीनमध्ये पोरगी शिकायला लांब जाते आणि सगळी गल्ली निरोप द्यायला जमते, हे दादीच्या कानावर आलं. तिनं पेटीतून आरसे लावलेली कांचळी काढली, अंगात घातली आणि साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. पोरगी जाणार तर रडायला कोण ठेवलंय, असं तिनं विचारलं. साहेबांनी निलम मॅडमकडे बोट दाखवलं. दादी म्हणाली, बघू.

निलम मॅडमनी खरंच करून दाखवलं. नजर लांब लावली, हळूहळू डोळे भरले आणि एक थेंब गालावर आला. साहेबांची माणसं श्वास रोखून बघत होती. दादीपण बघत होती. बराच वेळ वाट बघून ती मला म्हणाली, "ही सुरू कवा होनार?"

अखेर साहेबांनी तिला गल्लीतली शेजारीण म्हणून उभं केलं. दादी त्या दिवशी दुपारी जेवली नाही. भरल्या पोटी सूर वर जात नाही म्हणाली.

शूटिंग सुरू झालं. मी पिशवी घेऊन ऑटोकडे निघाले, निलम मॅडमच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं, आणि दादी माणसं बाजूला सारत आली, माझ्या गळ्यात पडली आणि तिनं असा हेल काढला की मोंढ्यातल्या हमालांनी पोती खाली ठेवली. साहेबांनी कट म्हटलं. दादीला कट कळत नव्हतं. तिला थांबवायला बापूला यावं लागलं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिच्यापुढं उकिडवं बसून समजावलं. "आजी, मोठ्यानं रडायचं नाही. आतल्या आत रडायचं."

"आतल्या आत रडलं तर जानाऱ्याला कसं कळंन?"

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

दुसऱ्या वेळी दादीनं ऑटो सुरू होईपर्यंत दम धरला. तिसऱ्या वेळी तोंडात पदर कोंबला, तरी कुकर शिट्टीवर यावा तसा आवाज आतून यायला लागला आणि ऑटोवाल्याला हसू फुटलं. चौथ्या वेळी साहेबांनी तिला पार मागं, पाण्याच्या टाकीजवळ, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. मी ऑटोतून वळून बघितलं तर तिचे खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. साहेब खूश झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादी घरी गेली, कांचळी काढली आणि घडी करून पेटीत ठेवली. मला साहेबांचा इतका राग आला की त्या रात्री त्यांनी सगळ्यांना दिलेलं आइस्क्रीमही मी खाल्लं नाही. माझ्या माणसाचं तोंड बंद करणारा हा दुसरा डीजे.

दुसऱ्या दिवशी ते परत निघाले. कॅमेरा पेटीत गेला, पेट्या ट्रकमध्ये गेल्या. निलम मॅडम दादीच्या पाया पडायला वाकल्या, आणि वाकलेली बाई दादीनं तशीच उचलून छातीशी धरली. आता कट म्हणायला कुणी नव्हतं. दादीनं सूर लावला तो पहिल्यापासून, घाई न करता. ती एकेकाला नावानं घेत होती. आवाजवाला कानाला हेडफोन लावून गल्लीतल्या कोंबड्या आणि मोटारीचे आवाज गोळा करत फिरत होता. तो कोंबड्या सोडून हळूच जवळ आला आणि त्यानं आपला केसाळ माईक धरला. निलम मॅडम आधी संकोचल्या, मग एकदम ओक्साबोक्शी रडायला लागल्या. त्यांचं नाक वाहिलं, काजळ वाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला कॅमेरा नव्हता. साहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले. रडणं झाल्यावर दादीनं डोळे पुसले आणि आईला विचारलं, भाकरी हाये का.

सिनेमा तयार व्हायला वर्षावर काळ गेला. पुण्यात म्हणे लोक फार रडले. हिंगोलीच्या टॉकीजला आला तेव्हा पहिल्या खेळाला पुढं आमची वस्ती आणि तांड्यावरची माणसं बसली, मागं डॉक्टर, वकील, साहेबलोक. शेवटचा सीन आला. मी ऑटोत बसले, निलम मॅडमचा मुका चेहरा पडदाभर झाला, आणि त्यावर दादीचा आवाज आला. सिनेमावाले परत निघाले त्या दिवशीचा, पुराच्या पुरा.

मागं नाक ओढल्याचे आवाज सुरू झाले. पुढं मात्र हरिचंदकाका पहिल्यांदा फसकन हसला आणि मग आमच्या सगळ्या रांगा हसायला लागल्या. कारण मागच्यांना नुसता सूर कळत होता. आम्हाला आमची गोरबोली कळत होती. दादी म्हणत होती, अरे टोपीवाल्या लेकरा, माझं तोंड बांधलंस रे, तुझ्या लग्नात तुझी सासू मुकी निघो रे. अरे चहावाल्या, साखर कोणत्या घरी नेत होतास रे. निलमबाई गं, तुला चूल पेटंना, भांडं घासता येईना, तुला नांदवणार कोण गं.

मागून एक बाई संतापून म्हणाली, "जरा लाज वाटू द्या. तुमच्याच गरिबीचा सिनेमा आहे."

त्यानं तर आम्हाला आणखी हसू आलं. पण दादीचं अजून संपलं नव्हतं. पडद्यावरून ती म्हणत होती, माझी नात चार वेळा गाडीत बसवली रे, चार वेळा उतरवली. एकदाही मला रडू दिलं नाही. पाचव्यांदा ती खरंच जाईल, तेव्हा माझं ऐकायला कोण थांबेल रे.

पुढच्या रांगा गप्प झाल्या. हरिचंदकाकानं गमछा तोंडावर घेतला. पुजा नवऱ्याबरोबर आली होती, ती तर हुंदके द्यायला लागली. दिवे लागल्यावर दादीनं मला एवढंच विचारलं, "मधी कुठं तोडलं न्हाई ना त्यानं?"

मी न्हाई म्हणाले.

"मंग बराबर हाये."

यंदा मला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. हिंगोलीच्या डेपोत अर्धी वस्ती आली होती. मी मुद्दाम ओढणी खांद्यावरून काढून पिशवीत ठेवली होती, दादीला गळ्यात पडायला अडचण नको म्हणून. दादी समोर आली. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. ओठ थरथरले, एक थेंब गालावर आला, बस. साहेबांना हवं होतं ते अगदी तंतोतंत. अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या रडवणारी बाई माझ्यापुढं मुकी उभी होती, आणि मी घाबरले.

कंडक्टरनं घंटी दिली. मग मीच तिच्या गळ्यात पडले आणि सुरू केलं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. दादी गं, तुझी तंबाखूची डबी आता कोण शोधून देईल गं. दादी गं, तुझ्या सुईत दोरा कोण ओवील गं. बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. चाल कुठं चालली होती ते मलाच कळत नव्हतं.

दादीनं माझ्या पाठीला जोरात चिमटा काढला आणि कानात म्हणाली, "काहून खाली पडून राहिली? सूर वर घे."

आणि तिनं सूर धरला. कंडक्टरनं पुन्हा घंटीला हात घातला होता, तो त्यानं खाली घेतला. आम्ही आईला घेतलं, बापूला घेतलं, रूपाबाईला आणि तिनं बघितलेल्या टीव्हीलाही घेतलं. बस उशिरा सुटली. कळमनुरी येईपर्यंत मी रडत होते, आणि चाल एकदाही चुकली नाही.