बाराव्याचं लुगडं

चांगोनं पाचवं लुगडं बाजूला सारलं आणि दुकानदारापुढं पुन्हा रिकामा हात धरला.

"मामा, सांगा तरी, लग्नाचं पायजे का बारशाचं?" मुरबाडच्या त्या दुकानात सकाळचं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानदाराला थट्टा सुचत होती.

"दुखवट्याचं."

दुकानदारानं मान खाली घातली. मागच्या फळीवरून फिकट लुगड्यांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. चांगोनं त्यातलं सगळ्यात वरचं उचललं आणि काखेत धरून तो शहापूरच्या एसटीत चढला.

पाच वर्षांपूर्वी त्याची एकुलती लेक रंभा शहापूरकडच्या अनिलबरोबर निघून गेली होती. चांगोनं तेव्हा दुसरीकडं तिच्या लग्नाचा शब्द दिलेला. गावात माणसं म्हणाली, पोरीनं प्रेम केलं. तो शब्द त्या गावात चांगल्या कामाला कुणी वापरत नसे. गायीवर माया असते, नातवाचा लळा असतो, नवरा-बायकोचं पटतं. प्रेम मात्र पोरी पळून जायच्या आधी करतात. चांगोनं चार माणसांत सांगून टाकलं होतं, त्या लोकांशी माझं नातं नाय. मग लेकीचं तोंड पाहिलं नाही की तिला दिवाळीला बोलावणं धाडलं नाही.

आणि आता अनिलच उरला नव्हता. भात कापताना बांधावर साप चावला, शहापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं.

घरातून निघताना बायको, राही, उंबऱ्यातच बसून होती. गुडघ्यांमुळं तिला एसटी चढता येत नव्हती.

"लुगडं घाला नि लेकीला घेऊनच या," ती म्हणाली होती. "नायतर तुमीबी तिकडंच राहा. भाकरी थापनार नाय मी."

अनिलच्या घरापुढं बाराव्याची माणसं जेवून पांगली होती. पडवीत चार बायका मागं राहिल्या होत्या. त्यांतली जया, शेजारीण, चांगोला बघून उठली.

"आलात का पावनं? पाच वर्सांनी रस्ता घावला म्हनायचा!"

जयानं त्याच्या काखेतलं बघितलं आणि तिचा आवाज मऊ झाला.

"लुगडं आलं गो! माहेर जितं हाय पोरीचं."

खांबाला टेकून अनिलची आई, हौसा, बसली होती. ती बारा दिवसांत रडली नव्हती. तिच्या शेजारी रंभा. कपाळ मोकळं, हात मोकळे, पण अंगावर अजून हिरवं लुगडं, धुवून धुवून विटलेलं.

"अनिलनं म्हसा गावच्या जत्रेत घेतलेलं," जया त्याच्या कानाशी म्हणाली. "बारा दिस सांगतोय, उतरव गो ते. तर म्हनते, माहेरचं आल्याबिगर कसं उतरवू? आता आलात, बरं झालं."

चांगोनं लेकीकडं पाहिलं. ती त्याच्या हातातल्या लुगड्याकडं बघत होती, जसं कुणी दारात आलेल्या पुराच्या पाण्याकडं बघावं.

"ऊठ गो," तो म्हणाला. त्याला एवढंच जमलं. "हे घे, नि चल घरी. आयस वाट बघतेय."

रंभा उठली नाही. तिची मूठ हिरव्या पदरावर आवळलेली होती.

"बाबा, ते म्हातारीच्या अंगावर घाला."

बायका पुढं सरकून बसल्या.

"तिचा लेक गेलाय," रंभा म्हणाली. "तिलाबी माहेरचं लुगडं लागतं. कोन आननार? तिचा भाऊ नाय, भाचा नाय. माहेरचं घर पार बसलं तिचं."

"अगो पन असं कसं?" जया म्हणाली. "लुगडं घालनारा भाऊ होतो तिचा. मागनं भावाची देनीघेनी निस्तरायला नको?"

"मग होऊ दे भाऊ."

"आनि तू गो?"

"मी हाय तिच्यासंगं. माझं काय अडलंय?"

चांगो उभाच होता. राहीच्या भाकरीचं त्याच्या मनात आलं, चार माणसांत बोललेलं आलं. मग पुन्हा त्या मुठीकडं त्याची नजर गेली, आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

त्यानं लुगड्याची घडी मोडली. खांबापाशी बसून ते हौसाच्या खांद्यांवर घातलं, थंडीत आजाऱ्याला पांघरूण घालावं तसं. हौसानं काठ चाचपला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून आवारातली कोंबडीसुद्धा लांब पळाली. जयानं डोळ्याला पदर लावला.

बायका घरोघर गेल्यावर रंभानं चहा ठेवला. चुलीपाशी ती पाठमोरी होती. शेवटच्या एसटीची वेळ झाली तसा चांगो कप ठेवून उठला.

"दादा," हौसा म्हणाली. तिचा घसा बसला होता. "भाऊबीज धा दिसांवर आली. औंदा आमच्यात सन नाय. पन तू ये."

"येईन."

"वयनीलाबी आन. जीपमदी बसव, गुडघं दुखनार नायत."

"आनतो."

हौसानं चुलीपाशच्या हिरव्या पदराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"नि येताना हिच्यासाठी लुगडं आनू नको."

चांगोनं पायात वहाणा सरकवल्या.

"नाय आनत," तो म्हणाला.