शिवडीचा भुंगेरा

खोटं बोलायला छाती लागते म्हणतात. मला बोटभर कागद आणि टाक एवढ्यावर भागलं.

सन अडतीसची गोष्ट. मी, चिंतामणी तळपदे, राहणार गिरगाव, आठवड्याचे सहा दिवस सरकारी कचेरीत कारकून आणि रविवारी भुंगेरे पकडणारा. आमच्या प्रभू मंडळींत कुणाला गाण्याचा नाद, कुणाला फोटोंचा; मला किड्यांचा. वडाळ्याच्या मिठागरांत, वापरातून सुटलेल्या एका वाफ्याच्या काठावर मला एक भुंगेरा सापडला. नखाएवढा, मोरपिशी निळा, आणि पळण्यात असा चपळ की जाळी टाकेपर्यंत हा दहा हात पुढे. विलायतेच्या तज्ज्ञांना पाठवला. उत्तर आलं, हा नवा आहे, आजवर कुठेच नोंद नाही. आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो.

पण त्या काळी मनमोहन नावाचा एक श्रीमंत हौशी होता. मलबार हिलला बंगला, दाराशी मोटार, जाळी धरायला नोकर. ह्याला वडाळा कळलं की पुढच्या रविवारी तो वाफा झाडून नेणार, हे मी जाणून होतो. म्हणून भुंगेऱ्याच्या टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर मी ठिकाण लिहिलं 'शिवडी'. ती वाचून मनमोहनने महिनाभर शिवडीचा गुडघाभर चिखल तुडवला आणि मी घरी पोट धरधरून हसलो. पुढे तो वारला. चिठ्ठी बदलायचं मात्र राहून गेलं.

आमच्या ह्या धंद्यात चिठ्ठी म्हणजे सगळं. कुठे सापडला आणि कधी, हे लिहिलेलं नसेल तर किडा म्हणजे केरात टाकायची चीज. हे मीच सरोजिनीला शिकवलं होतं. सरोजिनी म्हणजे शेजारच्या अच्युतची मुलगी. परकर नेसायच्या वयात माझ्याकडे टाचणी टोचायला शिकली आणि पुढे दादरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली.

अठ्ठावन्न साली मुंबई राज्याच्या सरकारने एक समिती नेमली. कोणत्या प्राण्यांना कायद्याने राखायचं, त्याची यादी करायची होती. वाघ, हरणं, माळढोक अशी बडी मंडळी यादीत होतीच. सरोजिनी समितीत सर्वांत लहान सभासद, आणि तिने हट्ट धरला की निदान एक तरी किडा यादीत हवा. तिने निवडला माझा निळा भुंगेरा. सगळ्या जगात एकाच जागी आढळलेला! समितीतली माणसं हसली. एकाने विचारलं, "बाई, ढेकणांनाही संरक्षण द्यायचं का?" अध्यक्ष होते जंगलखात्यातले निवृत्त साहेब. त्यांनी एकच अट घातली: तो आजही तिथे आहे, हे दाखवा.

सरोजिनी धावत माझ्याकडे आली. "काका, शिवडीला नक्की कुठे हो?"

तेव्हाच सांगून टाकायचं. दोन शब्दांचं काम होतं. पण एका संग्रहालयाने माझ्या सत्तावीस पेट्या घ्यायचं कबूल केलं होतं, दालनावर माझ्या नावाची पाटी लागणार होती. एक चिठ्ठी खोटी निघाली तर उरलेल्या हजारोंवर कोण विश्वास ठेवणार? मी म्हटलं, "खाडीच्या अंगाला कुठेतरी. वीस वर्षं झाली गं, आता नीट आठवत नाही."

हा भुंगेरा पावसाळा सरताना महिनाभरच दिसतो. अठ्ठावन्नला ती महिनाभर शिवडीला गेली. एकोणसाठला पुन्हा गेली. सोबत लालबागचा गुणाजी, गिरणीतला माणूस, मूळचा मालवणकडचा; सुटीच्या दिवशी शिवडीच्या चिखलात चिंबोऱ्या-खेकडे धरायचा, त्यामुळे तिथला वीत-वीत त्याच्या ओळखीचा. एका रविवारी तिने मलाही आग्रहाने नेलं, आणि मी गेलो. छत्रीच्या टोकाने दगड उलटे करत, वाकून वाकून, जो तिथे नाही हे मला पक्कं माहीत होतं त्याला मी चार तास शोधलं. माझ्याइतका निर्लज्ज म्हातारा त्या दिवशी सबंध मुंबईत नसेल.

गुणाजीने शेवटी चिंबोऱ्यांची टोपली खाली ठेवली. "बाय, असलो किडो हयसर मी कधी बघूक नाय. चिठ्ठीच चुकली असतली."

सरोजिनी त्याच्यावर डाफरली. "काकांची चिठ्ठी चुकणार नाही. आपली नजर कमी पडतेय."

दुसऱ्याच दिवशी मी एकटा वडाळ्याला गेलो. तोच वाफा, तोच काठ. उन्हात निळे ठिपके पळत होते. मोजले, अकरा भरले. मला हायसं वाटलं, वाईट वाटायचं सोडून! आहेत ना, मग सांगू सावकाश, असं म्हणत घरी आलो आणि जेवून झोपलो.

सावकाश म्हणता म्हणता साठचा मार्च आला. एव्हाना गिरणगावात जो तो एकच बोलत होता: संयुक्त महाराष्ट्र होणार, मुंबईसह होणार! एवढे मोर्चे निघाले, माणसं गोळ्यांना बळी पडली, त्याचं चीज होणार होतं. पण जुनं राज्य मोडणार म्हणजे त्याच्या समित्याही मोडणार. एप्रिलअखेर सगळे कागद निकालात काढा, असा हुकूम सुटला. भुंगेऱ्याचा निकाल शेवटच्या बैठकीत लागायचा होता आणि जाणकार म्हणून मला बोलावणं होतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेलो.

सरोजिनीने उभं राहून प्रामाणिकपणे सांगितलं, दोन हंगाम शोधूनही शिवडीला भुंगेरा आढळला नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तळपदे, ठिकाण बरोबर आहे ना? नसेल तर एक हंगाम वाढवून द्यायची शिफारस नव्या सरकारला करता येईल."

ह्याहून सोपं करून कुणी काय द्यायचं? सरोजिनी माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत संशय असता तर कदाचित मी बोललो असतो. नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो."

"मग जो उरलाच नाही त्याला राखायचं कसं?" अध्यक्षांनी तांबड्या पेन्सिलीने नाव खोडलं आणि पुढच्या कागदाला हात घातला.

मे महिन्यात महाराष्ट्र झाला. आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही खाल्ले. पाऊस संपता संपता मी वडाळ्याला गेलो, तर वाफा नव्हता. राडारोडा टाकून जमीन सपाट केली होती, वर एक रोलर उभा. भर घालायचं काम कायदेशीरच होतं. तिथे राखण्यासारखं काही आहे असं कुठल्या कागदावर नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत काठाकाठाने फिरलो. एकही दिसला नाही.

पंधरवड्याने सरोजिनी घरी आली. संग्रहालयाने पेट्या ताब्यात घेण्याआधी चिठ्ठ्या तपासायचं काम तिलाच दिलं होतं. एकेक चिठ्ठी वाचत ती वहीत उतरवत होती. निळ्या भुंगेऱ्यापाशी आली, हळहळली, आणि तिने 'शि' लिहिला.

"थांब," मी म्हणालो. "वडाळा लिही."

मग सगळं सांगितलं. मनमोहन, ते अकरा, तो रोलर. माझी बायको दुर्गा चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून दारातच थबकली.

"गेल्या ऑक्टोबरात अकरा होते," सरोजिनी म्हणाली. "मी तेव्हा शिवडीला होते."

"हो."

"आणि तुम्ही माझ्याबरोबर शोधत होता."

मला मान वर करवेना. मी म्हणालो, "सरू, एवढी एकच चिठ्ठी खोटी. बाकीच्या सगळ्या खऱ्या आहेत. शपथेवर सांगतो."

तिने पेनाला टोपण लावलं.

"मार्चमध्येही शपथेवरच सांगितलं होतंत, काका," ती म्हणाली, आणि वही मिटून उठली.