घरातले मोठे निर्णय

मोनालीनं पोह्यांच्या ताटल्या पाहुण्यांपुढं ठेवल्या आणि रिकामा ट्रे छातीशी धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस की बाई," सर्जेराव म्हणाले. मुलाला, सम्यकला घेऊन ते सकाळच्या एसटीनं कन्नडहून आले होते. "आमच्या कुटुंबालाबी आणणार होतो, पण तिचे गुडघे." जुन्या माणसांसारखं ते बायकोला कुटुंब म्हणत. स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. "आणि पोरीचं शिक्षण पण कुटुंबाचंच, न्हाय का?"

"कुटुंबाचंच," पप्पा म्हणाले. "एमेस्सी केलीय. लई अवघड असतंय."

सम्यक वाळूजच्या कंपनीत पर्मनंट होता. पोह्यातले शेंगदाणे वेचून तो ताटलीच्या कडेला ठेवत होता.

"पोरीला पगार किती?" सर्जेरावांनी विचारलं.

"आता अकरा हजार," पप्पा म्हणाले. "सिडकोत लहान पोरांची शाळा हाय. पण ते आपलं तात्पुरतं."

मोनालीच्या मुठीतला फोन थरथरला. बँकच असणार. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आठ हजार चारशेचा होता. दोन थकले होते, तिसरा परवावर आला होता. तिसरा थकला की बँक जामीनदाराला गाठते, आणि जामीनदार होते जाधववाडीच्या मोंढ्यातले मुकादम, ज्यांच्या हाताखाली पप्पा हमाली करत. त्या अकरा हजारांची तिनं सगळ्या बाजूंनी मांडणी करून पाहिली होती. प्रत्येक वेळी घरभाडं बाहेर राहत होतं.

"कर्जाचं सांगितलं तुमी, ते बरं केलं," सर्जेराव म्हणाले. "ऑर्डर येईपर्यंत हप्ता आमी भरू. पुढं ती भरंल. हाय काय त्यात?"

मोनालीनं ट्रे घट्ट धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. मग 'ऑर्डर' हा शब्द तिच्या ध्यानात आला.

"कसली ऑर्डर?"

"कुटुंब कल्याणची, सरकारी नोकरीची! आमच्या भागातल्या सिस्टरला सत्तर हजार पडत्यात. नसबंदीच्या क्यांपाला न्यायला जीप येती दारात."

"जागा निघू द्या," पप्पा म्हणाले. "पयला नंबर हिचाच लागतो का नाय बघा."

पप्पा थाप मारतायत, तिला वाटलं. बेमालूम मारतायत. आता फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की परवाचा हप्ता भरला जाणार होता.

सम्यकनं पहिल्यांदाच मान वर केली. "मी शेवटी खातो शेंगदाणे," तो ओशाळून म्हणाला. "लहानपणापासूनची सवय आहे."

तो असं काही बोलला नसता, तर गप्प राहणं तिला कदाचित जमलं असतं.

"काका, ते खातं वेगळं," मोनाली म्हणाली. "तिथं नर्सिंग लागतं. मी कुटुंब अभ्यास शिकले. मुलं कशी वाढतात, घरात भांडणं कशावरून होतात, असलं. त्याची ऑर्डर येत नाही."

सर्जेरावांचा चमचा हवेतच राहिला. "म्हंजी सरकारी नाय?"

"नाही."

"पुढं कधी?"

"हमखास असं काहीच नाही."

आता पप्पा चिडतील म्हणून तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते चिडले नव्हते. पाठीवर पोतं असताना ट्रकच्या फळीवरून पाय सरकावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. ती थाप नव्हती. पाच वर्षं त्यांना तेच खरं वाटत होतं.

"कळवतो," दारात चपला शोधत सर्जेराव म्हणाले. सम्यक त्यांच्यामागून बाहेर पडला. त्याच्या ताटलीच्या कडेला शेंगदाणे तसेच राहिले होते.

मोनाली ताटल्या घेऊन आत गेली. आई मोरीपाशी बसली होती. तिनं वर न बघता हात पुढं केला.

"कशाला बोलली?"

"आई, पप्पांना खरंच वाटत होतं गं."

"व्हय."

"तुला?"

आईनं ताटलीतले शेंगदाणे बोटानं एका बाजूला लोटले. "गल्लीतल्या कडूबाई सिस्टरनं कर्ज काढायच्या आदीच सांगितलं मला. ह्ये ते न्हवं म्हणाली."

"मग पप्पांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यांनी कर्जावर सही केली असती?" आईनं नळ सोडला. "तू तीन दिस जेवली नव्हती, त्याच कॉलेजला जायचं म्हणून. बँकेत सायेब कुटुंब-कुटुंब म्हणाला आणि त्यांचा चेहरा खुलला. मी गप बसले. मला वाटलं, शिकू तर दे. पुढचं पुढं."

पाणी ताटलीवरून वाहत राहिलं. हात पुसायला मोनालीनं आईचाच पदर धरला आणि तो धरूनच उभी राहिली.

"मोने," बाहेरून हाक आली. "इकडं ये."

पप्पा खाली सतरंजीवर बसले होते, पाहुण्यांसाठी मागून आणलेल्या दोन खुर्च्यांच्या मधोमध.

"मंग तू नेमकं शिकली तरी काय?"

आवाजात राग नव्हता. हिशेबातलं न कळलेलं विचारावं, तसं त्यांनी विचारलं. ती समोर बसली. तिच्या प्रबंधाला बायकांच्या मुलाखती लागल्या होत्या, आणि सरावासाठी पहिली मुलाखत तिनं आईचीच घेतली होती. आईनं भाकरी थापता थापता पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं होतं: "ते." तिनं ते तसंच लिहून घेतलं होतं. त्या प्रबंधाला चांगले गुण पडले होते.

"आम्ही घराघरांत जाऊन प्रश्न विचारायचो, पप्पा."

"कसले?"

"पहिला प्रश्न होता, घरातले मोठे निर्णय कोण घेतं?"

"हा काय प्रश्न झाला?" पप्पा म्हणाले. "मीच की. दुसरं कोण?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

मोनालीच्या हातात फोन पुन्हा थरथरायला लागला. तिनं तो सतरंजीवर पालथा ठेवला.

"बरोबर," ती म्हणाली.