पाठवणाऱ्याची बेरीज

त्याला घरात सगळे धाकटा म्हणत. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस एकेक करून निरोप घेऊ लागले, तरी ताईच्या तोंडी तेच. नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या कंपनीत तो ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे कार्डाने कसं वागायचं याच्या सूचना. आईला हे समजावता समजावता त्याच्या नाकी नऊ आले होते. शेवटी तिनेच ‘तो कॉम्प्युटरची गाडी चालवतो’ असं शेजारणींना सांगून विषय मिटवला.

माहिती एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे जाते ती लहान लहान पाकिटांतून. पाठवणारा प्रत्येक पाकिटावर आतल्या आकड्यांची बेरीज लिहितो, तिला चेकसम म्हणतात. घेणाऱ्याने पुन्हा बेरीज करायची. जुळली तर ठीक, नाही तर पाकीट परत मागवायचं. धाकट्याचं कार्ड ही बेरीज वाटेतच तपासून घ्यायचं आणि बरीच पाकिटं जोडून एक मोठं पाकीट पुढे द्यायचं. तेव्हा मूळच्या बेरजा जपायच्या की मोठ्या पाकिटावर नवी बेरीज टाकायची, यावरून ऑफिसात चांगलीच जुंपली होती.

“असू दे ना मूळची,” समोरच्या टेबलावरची सहकारी म्हणाली होती. “कुणाचं काय खाते ती?”

“वेळ खाते. कार्डाने एकदा तपासलंय ना? मग ते ओझं पुढे कशाला वाहायचं?”

त्याने ड्रायव्हरमधल्या मूळची बेरीज जपणाऱ्या ओळी उडवल्या. ड्रायव्हर सुसाट धावू लागला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि स्वारी हवेत तरंगू लागली. त्याच भरात त्याने ताईच्या संस्थेलाही ही कार्डं घ्यायला लावली. ताईला तरी भावाचं कौतुक नको का!

ताई धरणाची भिंत मोजायची. भिंत आदल्या वेळेपेक्षा किती सरकली, तेवढाच फरक प्रत्येक वेळी नोंदवायचा आणि सगळे फरक मिळवत जायचं. केसाच्या जाडीचा मामला. तिची आयुष्यभराची मोजमापं जुन्या डिस्कवरून नव्या कॉम्प्युटरवर आली ती याच कार्डांमधून. सगळं जुळलं असा निर्वाळा मिळाला आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे जुन्या डिस्क यंत्रात घालून चुरडल्या गेल्या. त्या मोजमापांवरून ताईने नुकताच अहवाल दिला होता. भिंत खालच्या वस्तीकडे सरकतेय, माणसं हलवा.

आणि मग कार्डांच्या एका खेपेतली मेमरी सदोष निघाली. कार्डाने तपासल्यानंतर, पाकिटं जोडण्याआधी, मधल्यामध्ये एखादा आकडा बदलायचा. त्या बदललेल्या आकड्यावर ड्रायव्हर ताजी, बिनचूक बेरीज टाकायचा. मूळची बेरीज जपली असती तर ती जुळली नसती, पाकीट परत मागवलं गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. धाकट्याने कार्डांचे नंबर पाहिले. ताईची कार्डं त्याच खेपेतली होती.

अहवालावरच्या बैठकीच्या दिवशी त्याने तिला संस्थेच्या जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. ताई एका पायरीवर बसली.

“कुठले आकडे बदललेत, सांग. ते काढून टाकते.”

“ते आता कुणालाच कळणार नाही, ताई.”

“एक जरी चुकला तरी पुढच्या सगळ्या बेरजा चुकतात. माहितीय ना तुला?”

“माहितीय.” त्याला तिच्याकडे बघवेना. “मी काही बोललो नाही तर? तुझं म्हणणं मान्य होईल. माणसं वाचतील.”

“आणि भिंत मुळात हललेलीच नसेल तर? तेवढ्या माणसांची घरं मी कशाच्या जोरावर उठवू?” ती उठली. “चल, आत येऊन सांग.”

बैठकीच्या अध्यक्षांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे कुठलाही आकडा चुकीचा असू शकतो?”

“हो.”

“पाण्याच्या बाजूने भेगा पडल्यात,” ताई म्हणाली. “त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.”

“भेगा कुठल्याही भिंतीला पडतात, बाई. भिंत सरकतेय, असं तुम्ही आत्ता छातीठोकपणे सांगू शकता?”

ताईने नकारार्थी मान हलवली. तिला खोटं बोलताना धाकट्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि नेमकं आज ते ऐकायला मिळावं असं त्याला मनापासून वाटत होतं. अध्यक्षांनी अहवाल बाजूला सारला. नव्याने मोजणी सुरू करा म्हणाले. चहा आला, पुढचा विषय निघाला. त्यांचा चेहरा अगदी मोकळा झाला होता.

बाहेर धाकटा म्हणाला, “मी त्या ओळी परत घातल्यात, ताई. आता असं होणार नाही.”

“बरं केलंस.”

“पुन्हा मोजून कळायला किती दिवस लागतील?”

“दिवस? मी निवृत्त होईपर्यंत काही दिसलं तरी खूप.”

दोघं फाटकापर्यंत चालत गेली. तिथून खालची वस्ती दिसायची. गच्च्यांवर कपडे वाळत होते, कुणीतरी नव्या खोलीवर पत्रे चढवत होतं. धाकट्याला राहवेना.

“ताई, भिंत खरंच सरकतेय का गं?”

“काल विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” ताई म्हणाली.