उलटसुलट केसांचा टोप

नाटकातल्या राजांना आणि घरात आरसा असलेल्या टकलूंना मी चाळीस वर्षं केस पुरवतोय. एकदा माझ्या टोपात चिमणीने घरटं केलं, आणि तो घालणाऱ्या गृहस्थांना पिल्लं उडून जाईपर्यंत पत्ता लागला नाही, इतकं माझं काम हलकं. खोटं वाटत असेल तर त्या चिमणीला विचारा. पण आयुष्यात एक टोप मी मुद्दाम वाईट केला, आणि तोच सगळ्यात मन लावून केला.

आमची धाकटी एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. कंपनी फ्रीज करायची, आणि ते फ्रीज कपडे वाळवायलाच बरे होते. त्यामुळे फोन दिवसभर वाजत. एका हॉलमध्ये साठ खुर्च्या, साठ बायका, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक लाल दिवा. समोरच्या माणसाचं बोलणं साडेतीन मिनिटांच्या पुढे गेलं की दिवा लागायचा आणि भुंग्यासारखा घोंगावायचा. फोनवरची म्हातारी रडत असली तरी घोंगावायचा. दिवसात पाच वेळा लागला की साहेब मागे येऊन उभा राहायचा. नुसता श्वास सोडायचा. त्याचं डोकं दगडासारखं गुळगुळीत, म्हणून बायका त्याला गोटा म्हणायच्या. त्याला मात्र त्यांची नावं ठाऊक नव्हती. धाकटी त्याच्या लेखी सत्तेचाळीस नंबर.

तिची वेणी लहानपणापासून मी घालत आलो. तिची आई म्हणायची, तुमचे हात नाहीतरी केसांतच असतात, आपल्या पोरीचेही घ्या. तर एका सकाळी वेणी घालताना मानेच्या वर माझं बोट घसरलं. केसांत बोट कधी घसरत नाही, ते कातडीवर घसरतं. नाण्याएवढी चाई होती, गुळगुळीत आणि पांढरट.

"बाबा, थांबलात का?"

"गाठ आहे."

"मग ओढा ना."

मी काही ओढलं नाही. आठवड्यात तशा तीन झाल्या, आणि उरलेले केस फणीत मूठमूठ येऊ लागले. टाळू इतकी आग करायची की ती ओला रुमाल डोक्यावर ठेवून जेवायची.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोकं बघितलं. म्हणाल्या, "चाई ताणानेच पडते असं मी छातीठोक सांगणार नाही. पण हे जे मुठीने गळतायत ना, त्याला मोठा धक्का लागतो. धक्का आज बसला तर केस आज गळत नाहीत. मुळं आधी काम थांबवतात, केस दोन-तीन महिन्यांनी सुटतात. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

धाकटीने छताकडे बघितलं. "दिवे बसवले होते," ती म्हणाली.

तिने हे ऑफिसात सांगितलं. गोट्याने दुसऱ्या दिवशी छापील कागद तिच्या हातात ठेवला: 'माझे केस गळणे वंशपरंपरागत असून त्याचा कामाशी संबंध नाही.' खाली सहीची जागा. पुढच्या शुक्रवारी कंपनीचे मालक यायचे होते. त्याआधी सही केली नाही, तर तळघरात जुन्या फायलींपाशी बसायचं, कारण पाहुण्यांच्या नजरेला तसलं डोकं पडायला नको.

वंशपरंपरागत म्हणे. माझ्या डोक्यावर सत्तराव्या वर्षी एवढं रान आहे की त्यात दोन फण्या हरवल्यात. माझी आई गेली तेव्हा तिची वेणी खाटेखाली लोंबत होती. तो कागद वाचून मी इतका तापलो की त्या दिवशी चहासाठी शेगडी पेटवावी लागली नाही.

"सही करू का?" धाकटीने विचारलं. "तळघरात दिवा तरी नाही, बाबा. पण तिथे गेले तर बाकीच्या अठ्ठावन्न जणी सह्या करतील."

"अठ्ठावन्न कशा? साठ ना तुम्ही?"

"एकीने केली."

आणि त्याच दुपारी माझ्या दुकानात कोण आलं असेल? गोटा. खांद्यावर पोतं. मी कोणाचा बाप आहे हे त्याला कुठून ठाऊक असणार? आकड्यांना बाप नसतात.

"शुक्रवारपर्यंत एक टोप हवाय," तो म्हणाला. "आमचे मालक येतायत. रुबाब दिसला पाहिजे. आणि केस विकत घ्यायची गरज नाही, मी आणलेत."

त्याने पोत्याचं तोंड सोडलं. आत केस. काळे, भुरे, पिकलेले, कुरळे, गुंतलेले. पोत्यातून एक वास आला, घामाचा आणि टाळूला चोळायच्या मलमाचा.

"कुठून आणलेत?"

"ऑफिसातून. झाडूवाली रोज खुर्च्यांखालून काढते. फेकायचे कशाला, म्हटलं."

"इतके गळतात?"

"बायकांचे गळतातच हो. पाणी जड आहे. एक सत्तेचाळीस नंबर आहे, तिने तर डोक्याची चाळण करून घेतलीय आणि दोष आमच्या दिव्यांना. नाटकं नुसती."

मी पोत्यात हात घातला. इतरांना केस म्हणजे केस. मला बोटांना कळतं. तिसऱ्या मुठीला तिचा केस हाताला लागला. लांब, टोकाशी किंचित तांबूस, मधे तीन ठिकाणी वेणीची लाट. ती लाट माझ्या हातची होती. त्या क्षणी माझ्याजवळ कात्री होती आणि त्याची मान दोन हातांवर होती, एवढंच सांगतो.

"होईल," मी म्हणालो. "बसा, माप घेतो."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. केसाला दिशा असते. चिमटीत धरून चोळलात तर तो नेहमी मुळाकडेच सरकतो. अंगावर बारीक खवले असतात त्याच्या, माशासारखे. कापलेल्या वेणीत सगळी मुळं एका बाजूला असतात. जमिनीवरून गोळा केलेल्या केसांत अर्धी इकडे, अर्धी तिकडे. म्हणून टोप करणारा आधी एकेक केस चोळून सुलट लावतो, आठ-आठ दिवस. तसं न करता उलटसुलट गुंफले, तर ते खवले एकमेकांत अडकतात. घाम आला, हात फिरवला, की केस केसाला गिळायला लागतो. आमच्याकडे शिकायला येणारा पहिल्याच वर्षी ही चूक करतो आणि पुन्हा जन्मात करत नाही.

मी ती चूक केली. एकेक केस चोळला, मूळ कुठे ते ओळखलं, आणि शेजारच्याच्या उलट लावला.

बायको मागे येऊन उभी राहिली. "हात फारच भराभर चालतायत तुमचे."

"रागाने."

"मग जरा हळू. घाईत चुकून एखादा सुलट लागेल."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामाला दिलेला हा एकुलता एक सल्ला. वरून मेणाचा हात दिला, आणि टोप असा चमकला की दुकानातला आरसा पुढे सरकला.

शुक्रवारी अकराला डिंक लावून टोप बसवायला मीच ऑफिसात गेलो. बसवला आणि पेटी घेऊन हॉलच्या दाराशी उभा राहिलो. मालक आले, बारीक, थकलेले, हातात पाण्याची बाटली. गोटा कौतुकाने सांगत होता, "एकही तक्रार साडेतीन मिनिटांवर जात नाही, सर." सत्तेचाळीसची खुर्ची रिकामी. धाकटीला सकाळीच तळघरात पाठवलं होतं. टोप कोणाच्या केसांचा ते मी तिला सांगितलं होतं, आणि तिने बाकीच्या जणींना.

तेवढ्यात एक दिवा लागला. मग दुसरा. बायका फोन ठेवायलाच तयार नव्हत्या. "नाही आजी, सावकाश सांगा, मी आहे," अठ्ठावीस नंबर म्हणत होती. एकोणसाठ दिवे लागले, एकोणसाठ भुंगे घोंगावले. गोट्याला घाम फुटला. त्याने कपाळ पुसलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि टोप जेवायला बसला.

आधी भांग मिटला. मग बाजू वर चढल्या. तो दाबून खाली ओढायला लागला, आणि जितका चोळे तितका टोप आकसे. खाज अशी सुटली की त्याने मालकांच्या हातातली बाटली डोक्यावर ओतली. पाच मिनिटांत त्याच्या टाळूवर वाटीएवढा घट्ट गोळा उरला. ते साठ बायकांच्या ताणाचे केस होते, दुसरं काय करणार होते?

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. त्या एकेक करून उठल्या आणि डोक्यावरचे रुमाल सोडू लागल्या. कोणाची चाई कानामागे, कोणाचा भांग दोन बोटं रुंद, कोणाच्या टाळूवर खपल्या. भुंगे ऐकून तळघराच्या जिन्यावरून धाकटी वर आली. ती सरळ गोट्यापुढे गेली, हात वर केला आणि तो गोळा उपटून घेतला. डिंक माझा होता, आवाज बराच झाला.

"हे आमचे," ती मालकांना म्हणाली. "वंशपरंपरा विचारत होते ना साहेब? आमच्याकडून त्यांच्याकडे गेली." आणि तो बिनसहीचा कागद गोळ्याखाली टेबलावर ठेवला.

मालकांनी वर बघितलं. "हे दिवे कोणाची कल्पना?"

"आपलीच, सर," गोटा म्हणाला. "पत्र आहे माझ्याकडे."

मालक निघून गेले. त्यांनी माफी मागितली असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण मी थापा मारतो त्या चिमणीबद्दल, माणसांबद्दल नाही. दिवे बायकांनीच काढले. खुर्च्यांवर चढून, पिळून, एकोणसाठ, आणि सत्तेचाळीसचा धरून साठ. केसांचं रिकामं पोतं मी परत आणलं होतं, त्यात भरले. ते परत लावायची हिंमत आजवर कोणाला झालेली नाही. सही केलेल्या बाईने आपला कागद मागून घेतला आणि फाडला.

गोटा सोमवारी दुकानात आला, हातात तो गोळा. "सुलट करून द्या."

मी त्याला पाटावर बसवलं, पुढ्यात गोळा ठेवला. "एकेक सोडवायचा. चोळायचा, मूळ ओळखायचं. आणि कोणाचा आहे ते नावानिशी सांगायचं. नंबर चालणार नाही."

तो बसला. बावीस मिनिटांत एक केस सुटला. "हा कोणाचा?" मी विचारलं. त्याने केस परत गोळ्यावर ठेवला. उठून गेला.

धाकटीच्या चाईवर चौथ्या महिन्यात लव आली, पांढरी, तान्ह्या बाळासारखी. काळी होईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वेणी अजून मीच घालतो. ती म्हणते, बाबा, आता राग सोडा.

गोळा फडताळात ठेवलाय. रोज सकाळी त्यातला एक केस सोडवतो. सगळे सुटतील तेव्हा बघू.