दाण्याचं कूट आणि सव्वा महिना

गयाबाईंना हॉलंडात येऊन महिना होत आला, तरी त्यांनी त्या जागेला एकदाही घर म्हटलं नव्हतं. "तुमचं ते डबडं" म्हणायच्या. आता डबडं म्हणजे काय, तर चांगली लोखंडी नॅरोबोट होती, इंग्लंडातल्या कालव्यांवर असते तशी. लांबच लांब, आणि रुंदीला इतकी बेताची की दोन माणसं समोरासमोर आली की एकानं मुकाट्यानं पलंगावर बसून घ्यायचं. कोणा हौशी माणसानं ती समुद्रापलीकडून आणली होती, त्याच्याकडून गयाबाईंच्या सुनेनं, हर्षानं घेतली, आणि हूफडॉर्पजवळच्या कालव्यात काठाला बांधून ती आणि धम्मपाल तिच्यात राहत होते. शेगडी होती, न्हाणी होती, पुस्तकं होती, छपरावर कोथिंबिरीच्या कुंड्या होत्या. फक्त खाली जमीन नव्हती, आणि गयाबाईंचं सगळं दुखणं तेवढंच होतं.

"माझ्या सासऱ्यांचा जन्म दुसऱ्याच्या जागेत गेला," त्या लेकाला ऐकवायच्या. "मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा कुठे नाशिकला चार भिंती आपल्या नावावर झाल्या. आणि तू एवढा शिकून पाण्यावर राहतोस?"

धम्मपाल म्हणजे आईसमोर आईचा आणि बायकोसमोर बायकोचा. ऑफिसात म्हणे मोठमोठ्या सिस्टिम्स सांभाळतो, पण घरात या दोघींच्या मध्ये सापडला की ह्याची सिस्टिम बंद. शेवटी त्यानं कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात एक फ्लॅट बघितला आणि बोट विकायची जाहिरात टाकली. हर्षा हो म्हणाली. सासूबाईंचं म्हणणं तिला अगदी पटत होतं हो, पण पटलं म्हणून वाईट वाटायचं थोडंच थांबतं? ह्या बोटीचा पत्रा न् पत्रा तिनं स्वतः घासून रंगवला होता. अ‍ॅमस्टेलव्हीनला राहणारा श्रीनिवास नावाचा एक पुणेकर रविवारी येणार होता. बोट चालवून बघायची, पसंत पडली की सौदा पक्का. आणि पसंत न पडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, हाच तर घोळ होता.

त्यात तो वसंत ऋतू. मेला ह्याच वर्षी इतका देखणा यायचा होता. काठावरच्या झाडांना पोपटी पालवी फुटलेली, बदकिणींच्या मागे पिल्लांची रांग, छपरावर रोज सकाळी एक राखी बगळा येऊन कोथिंबिरीकडे संशयानं बघत उभा. हर्षा खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसायची आणि काम सोडून बाहेरच बघायची.

त्या आठवड्यात शेजारच्या बोटीवरचे हेंक आजोबा काठावरून गयाबाईंना हाका मारायला लागले. हर्षा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. तिला काचेतून एवढंच दिसलं, की आजोबा बोटीच्या मागच्या टोकाकडे हात करून काहीतरी सांगताहेत, सासूबाई मान डोलावताहेत, आत येऊन डबा उघडताहेत आणि वाटी भरून नेऊन त्यांच्या हातात देताहेत.

"तुमच्या शेजाऱ्याला थोडं मराठी येतं," जेवताना गयाबाई म्हणाल्या. "कूट मागायला आला होता."

"कसलं कूट?"

"दाण्याचं. दुसरं कसलं असतं? कूट, कूट म्हणाला चांगला स्पष्ट. मी भरल्या वांग्यांसाठी केलं होतं ना, त्यातलं दिलं वाटीभर. तिथंच उभ्यानं खाल्लं बिचाऱ्यानं."

हर्षाच्या डोक्यात रविवार होता. ती नुसतं हूं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा हजर. गयाबाईंनी पुन्हा वाटी भरली. आता ते नुसतं कूट म्हणत नव्हते, कूट आणि आयरन म्हणत होते, आणि बोटांनी काहीतरी गोल गोल करून दाखवत होते. शाळेत पोषण आहार बघितलेली बाई ती. तिला लगेच उमगलं.

"रक्त कमी आहे त्याचं," त्यांनी सुनेला सांगितलं. "आयरन पाहिजे म्हणतो. आणि लाडूच करून मागतोय बघ, गोल. एवढं वय, मागे-पुढे कोणी नाही. करून देते."

आणि खरंच दाणे भाजून, गूळ घालून त्यांनी आजोबांसाठी डबाभर आणि घरात खायला थोडे लाडू वळले. आजोबांनी डबा घेतला, गयाबाईंकडे बघितलं, बोटीच्या मागच्या टोकाकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि लाडू तोंडात टाकला. मग मात्र त्यांचा चेहरा खुलला.

शनिवारी त्यांनी हर्षाला गाठलं. लाडू फार छान होते, ते म्हणाले, पण मी काय सांगतोय ते तुझ्या सासूला कळत नाहीये. आणि तिचा हात धरून त्यांनी तिला मागच्या टोकाशी नेलं.

तिथं सुकाणूवर, लोंबत्या टायरच्या बेचक्यात, एक काळाकुळकुळीत पक्षी बसला होता, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. खाली घरटं. त्यात काटक्या होत्या, शीतपेयांच्या नळ्या होत्या, वेफर्सचं पाकीट होतं आणि कोणाच्या तरी गुच्छातला एक सुकलेला ट्युलिप होता. पक्षी जरा सरकला तेव्हा ठिपक्यांची अंडी दिसली. मेअरकूट म्हणतात ह्या पक्ष्याला. इथले लोक नुसतं कूट म्हणतात. आणि डच भाषेत अंड्यांना म्हणतात 'आयरन'.

हर्षा काठावर बसकण मारून पोट धरून हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की बोटीचा पाण्यातला पंखा ह्या घरट्याच्या बरोबर खाली आहे. इंजिन सुरू केलं की सगळं पाण्यात. म्हणजे उद्या बोट हलणार नाही. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

घरात कळल्यावर गयाबाई आधी खजील झाल्या, मग तडक मागे जाऊन स्टूल टाकून बसल्या, त्या जेवायलाच उठल्या. एक कूट उठलं की दुसरं येऊन अंड्यांवर बसायचं. उठलेलं जाऊन काडी घेऊन यायचं.

"नवरापण बसतो पाळीपाळीनं," त्या लेकाला म्हणाल्या. "बघून ठेव."

धम्मपालनं बिचाऱ्यानं श्रीनिवासला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, येतो की, बघू काय ते.

रविवारी आला. माणूस वाईट नव्हता, उलट गोड बोलायचा. आतून सगळं बघितलं, वा वा केलं, हर्षाला म्हणाला, "काय मेंटेन केलीये तुम्ही, सुपर्ब." हर्षा रडायच्या बेतात होती. मग तो मागे गेला.

"हे होय? एका काठीनं अलगद सरकवू ना पलीकडे. मिनिटाचं काम. चार काड्या तर आहेत, दुसरीकडे बांधतील. काय म्हणता, काकू?"

गयाबाई स्टुलावरून उठल्या. आवाज चढवला नाही. शाळेत कधी चढवावा लागला नव्हता.

"बाळंतीण आहे ती," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना तिला कोणी उठवायचं नाही."

श्रीनिवास हसला. "काकू, पक्षी आहे तो."

"हा माझा धम्मपाल पाळण्यात घातला नव्हता अजून," त्यांनी लेकाकडे बोट केलं, "तेव्हा घरमालकाला आमची जात कळली आणि त्यानं सामान रस्त्यावर काढलं. तोसुद्धा हेच म्हणाला होता. चार भांडी तर आहेत, दुसरीकडे मांडा. अंगात ताप होता माझ्या. ह्याला पदराखाली घेऊन मी ट्रंकेवर बसले होते दिवसभर."

धम्मपालनं हे कधी ऐकलं नव्हतं. तो आईकडे बघतच राहिला. हर्षानं नकळत सासूचा हात धरला. घरट्यातलं कूट मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत होतं.

"सॉरी, काकू," श्रीनिवास हळू आवाजात म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. थोड्या वेळानं त्यानं धम्मपालला विचारलं, "मग मी जूनमध्ये येऊ का?"

धम्मपालनं सवयीनं आईकडे बघितलं, मग बायकोकडे. हर्षा पाण्याकडे बघत होती.

"कशाला?" गयाबाई म्हणाल्या. "पिल्लं पुढच्या वर्षी इथंच येतील. आली आणि घर नसलं तर?"

"आई, पण जमीन..." धम्मपाल म्हणाला.

"जमीन नाशिकला आहे की. कुठे पळून जात नाही." मग त्या श्रीनिवासकडे वळल्या. "आमचं घर विकायचं नाही. चहा घेऊन जा."

'आमचं घर'. हर्षानं नीट ऐकलं. चहा टाकायला म्हणून ती आत पळाली आणि शेगडीसमोर उभी राहून मनसोक्त रडली, मग तोंड धुऊन चहात आलं घातलं. श्रीनिवास जाताना उरलेले लाडू घेऊन गेला.

मे महिन्यात पिल्लं निघाली, लाल डोक्याची, कमालीची कुरूप. गयाबाईंना ती भलतीच सुंदर वाटत होती. त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं होतं. बाळंतिणीला टाकून कसं जायचं, हे कारण.

एका सकाळी काठावरून हेंक आजोबांची हाक आली. "कूट, कूट."

गयाबाई पीठ मळायचं सोडून, तशाच भरल्या हातांनी मागच्या टोकाला धावल्या. सगळी पिल्लं जागेवर होती, आई भरवत होती, बाप काडी आणत होता. त्यांनी काही कळेना म्हणून आजोबांकडे बघितलं.

आजोबांनी नाही म्हणून मान हलवली, आणि पाठीमागे लपवलेली रिकामी वाटी पुढे केली.